झूम किती हवा? आधी पावलं मोजा

दसऱ्याच्या आदल्या रात्री कोपरखैरण्याहून धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, ह्यांनी त्र्याऐंशी पट झूमवाला कॅमेरा बघून ठेवलाय. मी म्हणते साठवाला घ्या, तेवढेच पैसे वाचतील. तुम्हीच सांगा आता." मागून भावोजींचा आवाज, "वहिनींना सांग, चंद्रावरचे खड्डे दिसतात त्यात!"

सासरच्या सगळ्या गोतावळ्यात कॅमेऱ्याचं खूळ असलेली मी एकटीच, त्यामुळे असले निवाडे माझ्याकडे येतात. मी विचारलं, फोटो कुणाचे काढायचेत? "कुणाचे म्हणजे काय ताई, पोरीचे!"

पोरगी तिसरीत. जानेवारीत तिचं गॅदरिंग. पाडव्याला ठाण्याची शोभायात्रा, कारण त्या दिवशी सगळे आमच्याकडे नौपाड्यात जेवायला असतात. मे महिन्यात गुहागर. दर रविवारी सकाळी मैदानावर क्रिकेटचं कोचिंग. झाली की यादी. दोघं नवरा-बायको ज्या आकड्यावरून भांडत होते तो आकडा यातल्या निम्म्या प्रसंगांना उपयोगाचाच नव्हता. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू. दरवर्षी दसरा-दिवाळीला कुणी ना कुणी हेच विचारतं.

पट म्हणजे काय

साठ पट झूम म्हणजे साठ पट जवळ दिसतं, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तो आकडा नुसता भागाकार आहे. लेन्स सगळ्यात लांबचं जे टोक गाठते त्याला सगळ्यात रुंद टोकाने भागायचं. पॅनासॉनिकचा ल्युमिक्स एफझेड८२डी घ्या. त्याची लेन्स २० ते १२०० मिलिमीटर (आकडा लहान तितकं रुंद दृश्य मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं). बाराशे भागिले वीस, साठ. आता सोनीचा जुना एचएक्स४००व्ही घ्या, २४ ते १२००. बाराशे भागिले चोवीस, पन्नास. एक साठ पटींचा, दुसरा पन्नास पटींचा, आणि लांबचं टोक दोघांचं तेच! वरचे दहा पट मिळालेत ते मागच्या बाजूला, रुंद टोकाला.

ते वाया गेले असं समजू नका. आपल्याकडच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये भाऊबीजेला सगळी मंडळी एका फोटोत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते, तरी आत्याबाई चौकटीबाहेर राहतात. तिथे २४ ऐवजी २० मिलिमीटर असेल तर आत्याबाई आत येतात. गंमत बघा, झूमच्या मोठ्या आकड्याचा खरा फायदा घरातल्या घरात झाला.

साध्या डोळ्याला जसं दिसतं त्याच्या जवळपासचं दृश्य साधारण ५० मिलिमीटरला मिळतं. म्हणजे १२०० मिलिमीटरला वस्तू चोवीस पट जवळ आल्यासारखी दिसते. दुर्बिणीच्या हिशेबाने बोलायचं तर २४ पटींची दुर्बीण. हेही थोडं नाही, पण साठ नाही.

एक गोंधळ आधीच मिटवते. कॅमेऱ्याच्या लेन्सवर ४.३-२१५ असे काहीतरी बारके आकडे छापलेले असतात. ते लेन्सचं खरं फोकल अंतर. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांची तुलना करायला माहितीपत्रकात '३५ मिमी समतुल्य' म्हणून दिलेले आकडे बघायचे. वर मी तेच घेतलेत. आणि 'डिजिटल झूम' असं जिथे लिहिलंय तिथे थांबायचंच नाही. तो फोटो कापून मोठा केलेला असतो, ते काम घरी मोबाइलवर फुकट होतं.

पावलांचा हिशेब

आता जावेला सांगितलेला हिशेब. मूल उभं, डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत नीट बसायला हवं असेल, वरखाली थोडी जागा सोडून, तर तुमच्यापासून मुलापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या आणि १६ ने गुणा. जो आकडा येईल तेवढे मिलिमीटर साधारण लागतात.

शाळेच्या हॉलमध्ये मधल्या रांगेतून स्टेजपर्यंत १५ मीटर असतील तर १५ गुणिले १६, म्हणजे २४० मिलिमीटर. बस्स. नुसता चेहराच हवा असेल तर याच्या तिप्पट, सातशेच्या घरात. मैदानावर दोरीच्या बाहेर उभं राहून साठ मीटरवरच्या बॅट्समनला पकडायचं तर ९६०. तलावपाळीला तुम्ही काठावर आणि पोरं पॅडल बोटीत, तर तीस-चाळीस मीटर धरा, पाच-सहाशेत काम होतं.

मी जावेला म्हटलं, पोरीला शाळेत सोडायला जाशील तेव्हा हॉल उघडा असला तर स्टेजपासून नेहमीच्या खुर्चीपर्यंत पावलं मोज. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तसा मेसेज आला: 'सतरा पावलं.' आपलं बायकांचं पाऊल साठ-सत्तर सेंटिमीटरचं, म्हणजे दहा ते बारा मीटर. दोनशे मिलिमीटरसुद्धा लागत नाहीत. २००० मिलिमीटरचा कॅमेरा तिथे नेणं म्हणजे भाजी आणायला टेम्पो काढण्यासारखं.

खरी अडचण उजेडाची

माझा पहिला सुपरझूम, म्हणजे असा लांब झूमवाला कॅमेरा, मी २०१४ मध्ये घेतला, पन्नास पटींचा. त्या वर्षी मुलगा गॅदरिंगला मावळा झाला होता. तिसऱ्या रांगेत बसून मी दीडशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावले तर नीट आलेले चार. बाकीच्यांत तलवारीच्या जागी पांढरा पट्टा, हाताच्या जागी धूर, आणि मागच्या पडद्यावरचा रायगड मात्र अगदी सुबक! मला वाटलं कॅमेरा सदोष निघाला. कॅमेरा बिचारा ठीक होता. मीच त्याला अंधारात दिवसाचं काम सांगत होते.

हे का होतं ते समजलं की निम्मा प्रश्न सुटतो. तेव्हा इथे जरा रेंगाळते.

फोटो म्हणजे सेन्सरवर, लेन्सच्या मागे उजेड टिपणाऱ्या चिपवर, गोळा केलेला उजेड. गच्चीवर पावसाचं पाणी गोळा करायला ठेवलेलं भांडं समजा. भांडं केवढं, पाऊस केवढा आणि भांडं किती वेळ ठेवलं, यावर पाणी ठरतं. परवडणाऱ्या सुपरझूममधलं भांडं फार लहान असतं. सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तूरडाळीच्या एका दाण्याएवढा. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो (इंचाचं नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांवरून चिकटलंय, सेन्सर इंचभर कुठेच नसतो). क्षेत्रफळ डाळीच्या दाण्याच्या चौपट.

मग कंपन्या एवढा लहान सेन्सर का लावतात? कारण झूम. छोट्या सेन्सरला बाराशे मिलिमीटरचं दृश्य द्यायला खरी लेन्स २१५ मिलिमीटरची पुरते, आणि तिचं पुढचं छिद्र साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. तेच दृश्य तेवढ्याच उजेडानिशी मोठ्या, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर पाडायचं तर काच लागेल वीस सेंटिमीटर व्यासाची. जेवायची छोटी ताटली गळ्यात अडकवून फिरायचं. छोटा सेन्सर ही कंपनीची चलाखी नाही. स्वस्त आणि लांब पल्ल्याचा कॅमेरा पर्समध्ये मावायचा तर तो तसाच होणार.

आता पाऊस, म्हणजे छिद्र. एफ/२.८-५.९ असं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ, रुंद टोकाला छिद्र मोठं आणि झूम करत गेलं की आवळत जातं. २.८ वरून ५.९ वर आलं की आत येणारा उजेड एक चतुर्थांशाहूनही कमी. म्हणजे तुम्ही जितकं जवळ आणता तितकं भांड्यावर झाकण सरकतं.

राहिला वेळ. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर उजेड जास्त मिळतो, पण तेवढ्या वेळात मूल हललेलं असतं. नाचणारं मूल गोठवायला १/२५० सेकंद तरी हवा. हॉलमधल्या पिवळ्या-निळ्या दिव्यांत छोट्या सेन्सरचा कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो १/६० च्या आसपास जातो. पडदा हलत नाही म्हणून रायगड सुबक येतो, मावळा हलतो म्हणून धूर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून शटर पळवता येतं, पण ते म्हणजे मंद आवाजाची कॅसेट मोठ्याने लावणं. गाणं वाढतं तशी खरखरही वाढते, आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

दुकानात हमखास ऐकवतात, "मॅडम, यात स्टॅबिलायझेशन आहे, फोटो हलणारच नाही." आपला हात हलला तर ते सांभाळतं, हे खरं. १२०० मिलिमीटरला नुसत्या हाताने धरायचं तर १/१२०० सेकंद लागावा असा जुना नियम आहे. स्टॅबिलायझेशनमुळे १/१५० लाही निभतं. पण समोरचा मावळा हलला तर ते काय करणार? त्याला बिचाऱ्याला मावळ्याला धरून ठेवता येत नाही.

आणि घरातल्या वाढदिवसाचं म्हणाल तर स्पष्टच सांगते, मोबाइल काढा. चांगल्या मोबाइलची मुख्य लेन्स एफ/१.८ च्या आसपास असते, सेन्सरही अनेकदा या डाळीच्या दाण्याहून मोठा असतो, आणि तो चार-सहा फोटो एकदम काढून त्यांतून एक नीट बनवतो. केक कापताना सुपरझूम कपाटात राहिला तरी चालेल. त्याचं राज्य दिवसाच्या उजेडात आणि लांबच्या अंतरावर. शोभायात्रा, मैदान, समुद्रकिनारा, पक्षी. तिथे मोबाइल त्याच्या जवळपासही येत नाही.

मग घ्यायचा कुठला

हा बाजार आता आक्रसलाय. मोबाइलने छोटे कॅमेरे खाल्ले, आणि या वर्गात नवं मॉडेल वर्षा-दोन वर्षांत एखादंच येतं. ते एका अर्थी बरं आहे, निवड सोपी होते.

पॅनासॉनिकचा एफझेड८२डी हा २०१७ च्या एफझेड८२ चाच सुधारलेला भाऊ, २०२४ मध्ये आला. लेन्स तीच, पण डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर पुष्कळ सुधारला आणि चार्जिंग यूएसबी-सी झालं. युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेर कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं, त्याचा आपल्यालाही फायदा. याचा स्क्रीन मात्र वळत नाही, आणि बाहेरचा माइक लावायला जागा नाही. कॅननचा एसएक्स७० एचएस २०१८ चा, २१ ते १३६५ मिलिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, स्क्रीन हवा तसा वळतो. भावोजींचा त्र्याऐंशीवाला म्हणजे निकॉनचा पी९५०. २४ ते २०००, २०२० चा. कॅमेरा गुणी आहे, स्क्रीन वळतो, माइकची जागा आहे. पण वजन एक किलो. एक किलो म्हणजे किती हे कळायला साखरेची पिशवी गळ्यात बांधून राम मारुती रोडवर एक चक्कर मारा. याच घराण्यात १२५ पटींचाही आहे, जवळपास दीड किलोचा. तो पक्षीवाल्यांचा आणि चंद्रवाल्यांचा. आईबापांचा नव्हे.

या सगळ्यांचे सेन्सर डाळीच्या दाण्याएवढेच. म्हणून गॅदरिंग हा ज्यांचा मुख्य प्रसंग आहे त्यांना मी वेगळा रस्ता सांगते, आणि तो सेकंडहँडकडे जातो.

पॅनासॉनिकचाच एफझेड१००० नावाचा कॅमेरा २०१४ मध्ये आला. एक इंची सेन्सर, २५ ते ४०० मिलिमीटर, आणि छिद्र २.८ ते फक्त ४. जाहिरातीत हा 'सोळा पट' म्हणून बापुडवाणा दिसतो. पण हॉलमध्ये दोनशे-अडीचशेच लागतात हे आपण आत्ताच मोजलं. त्या अंतरावर हा मोठं भांडं आणि उघडं झाकण घेऊन उभा असतो. मावळ्याचा हात हात दिसतो. दुसरा, २०१५ चा एफझेड३००. सेन्सर छोटाच, पण २५ ते ६०० मिलिमीटरपर्यंत छिद्र सगळीकडे २.८, झाकण सरकतच नाही. पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देण्याइतका बंदिस्तही आहे, आपल्या पावसात ही मोठी गोष्ट. दोघांनाही माइकची जागा आहे. एक इंची आणि ६०० मिलिमीटर दोन्ही हवं असेल तर सोनीचा आरएक्स१० मार्क फोर आहे, पण त्याच्या किमतीला 'परवडणारा' हा शब्द लावायची माझी हिंमत नाही.

व्हिडिओचं काय

व्हिडिओसाठी घेणारे फक्त 'फोर-के आहे ना' एवढंच विचारतात. आहे, बहुतेकांत आहे. पण हिशेब बघा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने लिहिणारा फोर-के कॅमेरा मिनिटाला ७५० एमबी खातो, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ लिहिलेलं असेल तेच घ्या, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहायची हमी. साधं, स्वस्त कार्ड घातलं की शूटिंग मध्येच थांबतं, आणि ते नेमकं आपल्या पोरीची एंट्री झाल्यावर थांबतं. मी तर अजून फुल एचडीवरच काढते. आजी टीव्हीवर बघते, तिला फरक कळत नाही, आणि मलाही सोफ्यावरून कळत नाही.

बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, काही फोर-केला त्याच्याही आधी. त्या २९:५९ च्या आकड्याचं कारण यंत्रात नाही, जकातीत आहे. अर्धा तास सलग चित्रण करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या जास्त कराच्या यादीत जायचा, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडे कुंपण घातलं. पोरांचं नाटक सलग घ्यायचं असेल तर मधल्या टाळ्यांच्या वेळी एकदा बंद करून पुन्हा सुरू करा.

आता एक आपल्याच घरांत घडणारी गोष्ट. भाचा अमेरिकेहून येताना कॅमेरा घेऊन येतो. तिकडे स्वस्त पडतो, मामीला भेट होते. पण तिकडच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चौकटींचा, कारण त्यांची वीज ६० हर्ट्झची. आपली ५०. आपल्याकडचे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, आणि व्हिडिओभर काळसर पट्टे सरकत राहतात. व्हिडिओत शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. ती सोय नसेल तर भाच्याला म्हणावं, तू पर्स आण. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असं नाही, हे घेण्याआधी विचारायचं.

आवाजाबद्दल फार नाही लिहीत. कॅमेऱ्यातला माइक शेजारच्या बाईंच्या वेफर्सच्या पुड्याला पोवाड्याइतकाच मान देतो. आणि चित्रण चालू असताना झूम आतबाहेर करू नका. लेन्सच्या मोटरची घरघर येते, बघणाऱ्यालाही गरगरतं.

दुकानात गेल्यावर

आपलं कार्ड खिशात घेऊन जा. दुकानदाराने कॅमेरा हातात दिला की आधी वर बघा आणि फिरता पंखा शोधा. पंख्यावर झूम करून ऑटोवर एक फोटो काढा. पाती विरघळलेली दिसतील. मग शटर १/२५० ला लावून पुन्हा काढा. फोटो किती काळोखा आला, किती दाणेदार आला, ते बघा. दुकानातल्या उजेडातला हा पंखा म्हणजे तुमचं गॅदरिंग. मग दाराबाहेर या आणि पूर्ण झूम लावून समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या पाटीचे फोटो काढा, हातात धरून पाच. फोकस झटकन लागतो की मागेपुढे चाचपडत बसतो, ते इथे कळतं. उन्हात मागचा स्क्रीन काही दिसत नाही, व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा. फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघायचे, निर्णय दुसऱ्या दिवशी.

बिल पक्कं घ्या, त्यावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर हवा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि 'बिलाशिवाय देतो, एवढे कमी करतो' हे वाक्य तिथूनच जन्माला येतं. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने असा घेतला. दोन महिन्यांत लेन्स बाहेर येऊन अडकली. दुकानदार म्हणाला, "आमचाच कशावरून?" नंतर कळलं, माल मधल्या मार्गाने आलेला, इथल्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतच नव्हता.

सेकंडहँडला फोर्टात बोरा बाजार आहेच, ठाण्यातही ओळखीतून मिळतात. तिथे मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आत तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, हात जोडून परत या. झूम दहा वेळा आतबाहेर करा आणि कान देऊन ऐका. लेन्स बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ. ही लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही. मोकळ्या आभाळाचा एक फोटो एफ/८ वर काढा, धूळ असेल तर करडे ठिपके जागच्या जागी दिसतील.

बुरशीचं मी स्वतःवरून सांगते. २०१९ च्या पावसाळ्यात माझा कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. चामडं ओल धरून ठेवतं हे मला तेव्हा सुचलं नाही. गणपतीला काढला तर लेन्सच्या कडेने नक्षी उमटलेली! आता तो झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो, सोबत सिलिका जेलचे निळे खडे. खडे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले असं समजायचं आणि बदलायचे. दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून वापरायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

बाराशेचं खरं काम

लांब टोकाला मी इतका वेळ नावं ठेवली, पण त्याचेही दिवस असतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो असतात. खाडीचा तो भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट निघते. बोट डुलते, त्यामुळे तिथे स्टॅबिलायझेशनवर विसंबू नका, शटर १/१००० ला ठेवा. बोटीचा कंटाळा असेल तर नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी आहेत. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी तिकडे येऊन उभे राहतात. साठ मीटरवर पक्षी असेल तर आपला सोळाचा पाढा सांगतो ९६०. इथे एफझेड१००० च्या चारशेत पक्षी चौकटीत छोटासाच राहतो. जायचं मात्र सकाळी. दुपारी पाण्यावरची हवा तापून थरथरते, आणि कितीही महागडी लेन्स असली तरी पक्षी पाण्यातल्या सावलीसारखा लवलवतो. त्याला कुठलंच बटण नाही.

तर शेवटी काय झालं? सतरा पावलांचा हिशेब भावोजींना पटला. त्यांनी कॉलनीतल्या एका गृहस्थांकडून जुना एफझेड१००० घेतला. जावेने पंखा, आभाळ, टॉर्च, सगळं करून तपासलं, माझ्याहून कडक. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी आणि कार्ड आलं.

भावोजी मात्र अजून चंद्रावरच अडकलेत. मी त्यांना गणित करून दाखवलं. माझ्या जुन्या पन्नास पटींच्या कॅमेऱ्यात चंद्र सेन्सरवर दोन मिलिमीटरचा पडतो, साडेचारच्या उंचीत दोन. म्हणजे निम्म्याला थोडा कमी, खड्डे दिसायला पुरेसा. चंद्रावर भर दुपारचं ऊन असतं, तिथे उजेडाची अडचणच नाही. आयएसओ १००, शटर १/२५०, कॅमेरा कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर. ऑटोवर ठेवलात तर आजूबाजूचा काळोख बघून कॅमेरा घाबरतो आणि चंद्राचा नुसता बल्ब करतो.

"मग कोजागिरीला आमच्या गच्चीवर या, येताना तुमचा तो डबा आणा," भावोजी म्हणाले. दूध ते आटवणार आहेत. डबा म्हणजे सिलिका जेलवाला.